जॉर्ज एलियट आणि जॉर्ज सँड: नाव एक, तऱ्हा दोन

दोघींचं टोपणनाव जॉर्ज, दोघी एकोणिसाव्या शतकातल्या, दोघी गाजलेल्या कादंबरीकार. मग एकीचं दुसरीच्या खात्यावर जमा होतंच: एलियटची ‘मिडलमार्च’ ही कादंबरी सँडच्या नावावर, सँडचं संगीतकार शोपँबरोबरचं प्रकरण एलियटच्या. (टी. एस. एलियट हे तिसरेच गृहस्थ, त्यांना इथे आणायला नको.) वर ‘तेव्हा बायकांचं कोणी छापत नसे, म्हणून पुरुषाचं नाव’ हे एकच उत्तर दोघींना लावून आपण मोकळे होतो. पण एलियटने लिहायला घेतलं तेव्हा एलिझाबेथ गॅस्केलसारख्या लेखिका इंग्लंडात चांगल्या खपत होत्या. कारण दुसरंच होतं, आणि दोघींचं वेगवेगळं.

सँड आधीची, फ्रेंच. मूळची ऑरोर द्युपँ, जन्म १८०४. लग्न जमीनदार घरातल्या द्युदवाँशी झालं, पण ते काही टिकलं नाही. १८३१ मध्ये ती पॅरिसला आली. ज्यूल सांदो या मित्राबरोबर लिहिलेल्या कादंबरीवर ‘जे. सँड’ असं नाव होतं. पुढच्या वर्षी ‘इंदियाना’ एकटीने लिहिली, तेव्हा आडनाव तेच ठेवून पुढे ‘जॉर्ज’ लावलं. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, छापील पुस्तकांवर आमच्या घराण्याचं नाव दिसता कामा नये. पुरुषी कपड्यांचा तिचा बोभाटा झाला खरा, पण आत्मचरित्रात ती सांगते ते कारण साधं आहे. पॅरिसच्या चिखलात बायकी बूट दोन दिवसांत फाटत. जाड राखाडी कोट शिवून घेतला, टाचेला लोखंडी नाल असलेले बूट घेतले, मग कुठेही हिंडावं, नाटकाला पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या स्वस्त जागेत, बसावं. ही युक्ती आईने सुचवलेली, पैशाची चणचण असताना तिनेही तेच केलं होतं! नावामागे कोण आहे हे लवकरच सगळ्या पॅरिसला कळलं, आणि तिने लपवलंही नाही. मित्रमंडळी तिला जॉर्जच म्हणत.

एलियटचं नाव मात्र खरोखरचा पडदा होता. मेरी ॲन इव्हान्स, जन्म १८१९, वॉरिकशरमध्ये ननीटनजवळ. वडील एका मोठ्या इस्टेटीचे कारभारी. बाविसाव्या वर्षी तिने चर्चला जायचं नाकारलं आणि घरात वादळ उठलं. पुढे स्ट्राउस आणि फॉयरबाख या जर्मन विचारवंतांचे ग्रंथ तिने इंग्रजीत आणले, लंडनला ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’चं संपादन केलं, तेही मालक चॅपमन यांच्या नावाआड राहून. १८५४ मध्ये ती जॉर्ज हेन्री लुइसबरोबर जर्मनीला गेली आणि पुढे त्याच्या मृत्यूपर्यंत त्याच्याबरोबर राहिली. लुइस विवाहित होता. बायकोला दुसऱ्यापासून झालेल्या मुलाला त्याने आपलं नाव दिलं होतं. याचा अर्थ त्याची संमती होती, असं कायदा धरे, त्यामुळे घटस्फोटाची वाट बंद. भाऊ आयझॅकने तिच्याशी बोलणं सोडलं. लुइसला जेवणाची आमंत्रणं येत, तिला नाही.

अशा बाईचं नाव कादंबरीवर घातलं असतं तर परीक्षण पुस्तकाचं झालं नसतं, तिचं झालं असतं. शिवाय ‘लेडी नॉव्हेलिस्ट’ मंडळींच्या भाबड्या कादंबऱ्यांची तिने स्वतःच १८५६ मध्ये एका लेखात सालटी काढली होती, त्या पंगतीला तिला बसायचं नव्हतं. जॉर्ज हे लुइसचं नाव, आणि एलियट उच्चारायला सोपं आणि भरदार वाटलं म्हणून, असं तिनेच पुढे सांगितलं. म्हणजे सँडच्या नावावरून उचललं, ही समजूतही सोडून द्यावी. डिकन्सने मात्र पहिल्याच पुस्तकावरून ओळखलं, ही बाईच असणार.

१८५९ मध्ये ‘ॲडम बीड’ ही तिची कादंबरी गाजली आणि ननीटनकडच्या लोकांनी जोसेफ लिगिन्स नावाच्या एका गृहस्थाला लेखक ठरवून टाकलं. त्याला एक पैसा मिळाला नाही, बिचारा पंपावर स्वतःची भांडी धुतो, अशा कहाण्या पसरल्या. मदतनिधीची भाषा सुरू झाली, तेव्हा तिला पडद्याबाहेर यावंच लागलं.

मला सगळ्यात गमतीचा वाटतो तो फरक असा: कायद्याने लग्न झालेल्या सँडने नवऱ्याचं आडनाव टाकलं, आणि कायद्याने लग्न न झालेली एलियट ‘मिसेस लुइस’च म्हणा असा आग्रह धरून बसली. एकीला बंधनातून सुटायचं होतं, दुसरीला ते मान्य व्हायला हवं होतं. लुइसच्या मृत्यूनंतर, १८८० मध्ये, तिने वीस वर्षांनी लहान जॉन क्रॉसशी रीतसर लग्न केलं, तेव्हा कुठे आयझॅकचं अभिनंदनाचं पत्र आलं. त्याच वर्षी डिसेंबरात ती गेली.

लेखनातही दोघी लांब. सँड रात्र-रात्र जागून भराभर लिहायची, तिच्या कादंबऱ्या पन्नासहून जास्त. एलियटच्या सातच, प्रत्येक डोकेदुखी आणि धास्तीतून निघालेली. तरी सँडच्या बेरी प्रांतातल्या ग्रामीण कथा आणि एलियटचं वॉरिकशर शेजारी ठेवून वाचावं. सुरुवात ‘मिडलमार्च’पासून नको, दमछाक होईल. ‘सायलस मार्नर’ घ्या, आणि सँडची ‘ला मार ओ द्याब्ल’. दोन्ही छोट्या आहेत.