बाळ कधी गुदमरलं, हे नाळेला विचारा

‘बाळ जन्मल्यावर रडलंच नाही, डॉक्टरांनी उशीर केला.’ सेरेब्रल पाल्सी (लहान वयात मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) असलेल्या मुलाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि ‘हलगर्जीपणा’च्या बातम्यांतही. कधीकधी ते खरंही असतं. पण नुसतं न रडणं हा पुरावा होत नाही. मेंदूला इजा कळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी झालेली असो की शेवटच्या तासात, दोन्ही बाळं जन्मल्यावर गप्पच राहू शकतात.

हा वाद जुना आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये अशा मुलांच्या ताठरलेल्या हातापायांचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी, तेव्हा ते मेंदूविकारांवर काम करत, उलटी शंका काढली: गर्भातच काही बिघडलेलं असेल आणि बाळंतपण त्यामुळेच अवघड झालं असेल तर? आज आपल्याला मुदतीआधीचा जन्म, जंतुसंसर्ग, गर्भातच झालेला पक्षाघात, जनुकीय दोष, तीव्र कावीळ अशी बरीच कारणं माहीत आहेत. (ग्रहणात भाजी चिरणं त्या यादीत नाही.) प्रसूतीच्या वेळी गुदमरणं हे त्यातलं एक.

कळांदरम्यान बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणाऱ्या सीटीजी यंत्राने याचा निकाल लागेल अशी मोठी आशा होती. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुरेशा वजनाच्या ज्या बाळांच्या आलेखात धोक्याच्या खुणा होत्या, त्यांपैकी ९९.८ टक्के बाळांना सेरेब्रल पाल्सी झालीच नाही. यंत्राने सिझर वाढवली, सेरेब्रल पाल्सी कमी केली नाही.

नाळ मात्र बरंच काही सांगते. शाळेत आपण ‘रोहिणीत शुद्ध रक्त, नीलेत अशुद्ध’ असं पाठ केलेलं असतं. नाळेत ते उलटं आहे. नाळेतल्या दोन रोहिण्या बाळाकडून वापरलेलं रक्त वारेकडे (प्लासेंटाकडे) नेतात आणि एकच नीला वारेकडून ताजं रक्त आणते. म्हणजे रोहिणीतलं रक्त बाळाची स्थिती सांगतं, नीलेतलं वारेची. जन्मल्याबरोबर नाळेचा वीतभर तुकडा दोन्हीकडून चिमट्याने बंद करून ठेवला, तर त्यातून साधारण तासाभरात दोन्ही नमुने घेता येतात.

तपासायचा असतो तो आम्लपणा. त्याचं माप म्हणजे पीएच: तो जितका कमी, तितकं रक्त आंबट. रोहिणीतल्या रक्ताचा पीएच साधारण ७.२५ ते ७.३ असतो. तो ७ वर आला तर फरक किरकोळ वाटतो, पण पीएचचं माप लॉगरिदमचं असल्याने ७.३ वरून ७ म्हणजे आम्लाचं प्रमाण दुप्पट.

हे आम्ल दोन वाटांनी येतं. नाळ दाबली गेली की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही आणि काही मिनिटांत पीएच घसरतो. बाळाने चार श्वास घेतले की हा वायू निघून जातो, त्याने फारसं बिघडत नाही. प्राणवायूच बराच वेळ कमी पडला, तर पेशी ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनवू लागतात. ते वारेतून सावकाश बाहेर पडतं. तोवर रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा क्षार, त्याला झेलत खर्च होत राहतं, पगार थांबल्यावर घरातली शिल्लक संपावी तसं. किती शिल्लक खर्च झाली त्या आकड्याला ‘बेस डेफिसिट’ म्हणतात. पीएच ७ च्या खाली आणि बेस डेफिसिट लिटरला १२ मिलिमोल किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रसूतीच्या सुमारास प्राणवायू खरोखर तुटला होता असं मानायला आधार मिळतो.

मला सर्वांत आवडतं ते पुढचं. रोहिणीतलं रक्त फार आंबट आणि नीलेतलं जवळपास ठीक असेल, तर वार काम करत होती, अडथळा नाळेत होता. दोन्ही सारखीच बिघडलेली असतील तर वारेकडूनच पुरवठा तुटला होता, उदाहरणार्थ वार आधीच सुटल्यामुळे. अपवादही आहेत. नाळ एकदम पूर्ण बंद झाली तर आम्ल बाळाच्या शरीरातच अडकतं आणि नाळेचे आकडे फसवे चांगले येतात. उलट पीएच ७ च्या खाली असलेली बहुतेक बाळं पुढे ठणठणीत वाढतात. म्हणून या आकड्यांशेजारी पहिल्या काही दिवसांतलं मेंदूचं एमआरआय आणि वारेची तपासणीही ठेवावी लागते.

याच नाळेचं रक्त ‘भविष्यासाठी’ खासगी बँकेत साठवायला लोक हजारो रुपये भरतात. त्यातल्या स्टेम सेलने (मूळ पेशींनी) सेरेब्रल पाल्सी बरी करू असं कोणी सांगितलं, तर आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपचार मान्य क्लिनिकल ट्रायलबाहेर देता येत नाही, हे लक्षात असू द्या. त्यापेक्षा दोन सिरिंज रक्ताची ही तपासणी कितीतरी स्वस्त.

कायद्याला दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध झालेल्या हव्या असतात: चूक झाली, आणि त्याच चुकीने इजा झाली. पहिलीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात उचललेला निकष इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यातला आहे: परिणाम वाईट झाला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही, सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का, हे पाहिलं जातं. तिथे केसपेपर, पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकली त्याचा तक्ता) आणि ठोके किती वेळाने मोजले याच्या नोंदी बोलतात. नाळेचे आकडे दुसऱ्या गोष्टीला उपयोगी पडतात, आणि निर्दोष डॉक्टरलाही तेच वाचवतात.

रुग्णालयाची तोडफोड करून यातलं काहीच हाती लागत नाही. लेखी मागणी केल्यास डॉक्टरने ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. मूल बसत नाही, मान धरत नाही हे कळेपर्यंत त्यातले बरेच महिने गेलेले असतात, तरी सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो. सर्वांवर मोफत उपचार करणारी सरकारी रुग्णालयं १९९५ च्या निकालानुसार ग्राहक कायद्यात येत नाहीत, तिथे दिवाणी न्यायालयाची वाट आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.