तुरळक ठिकाणी मुसळधार म्हणजे किती?

'कोकणात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाची शक्यता.' या वाक्यात एकही अवघड शब्द नाही, आणि गोची तिथेच आहे. 'सापेक्ष आर्द्रता' ऐकलं की आपल्याला कळलं नाही, हे तरी कळतं. 'मुसळधार'बाबत तेवढीही शंका येत नाही.

हवामान खात्याच्या लेखी २४ तासांत ६४.५ मिलिमीटर पाऊस झाला की तो मुसळधार, ११५.६पासून अतिमुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे धरतात. त्यामुळे अर्ध्या तासात रस्त्याचा ओढा करणारी सर, पुढे दिवसभर उघडीप राहिली तर, मुसळधारमध्ये बसेलच असं नाही. संथपणे लागून राहिलेली झड मात्र बसू शकते.

'तुरळक' हे तर पावसाचं मोजमापच नव्हे. विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर तसा पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. ते ऐकून छत्री घरी ठेवणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

राहिले मिलिमीटर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, म्हणजे १०० मिलिमीटर पावसात गुंठ्यावर दहा हजार लिटरचा एक टँकर रिकामा होतो, एकरावर चाळीस. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. गुंठ्याला साडेनऊ टँकर! मग अंदाज असा का देऊ नये: 'चारपैकी फार तर एका ठिकाणी गुंठ्यामागे टँकरभराहून जास्त पाणी पडेल, नेमकं कुठे, ते आज सांगता येत नाही'? वाक्य लांबलं खरं, पण आकडा सुटला नाही आणि अनिश्चितताही लपली नाही. सोपं करायचं म्हणून आकडेच गाळणारे लेखक मला जास्त खटकतात.

आणि ओळखीचा शब्द दर वेळी योग्य असतोच असं नाही. २०१६मध्ये हवामान खात्याने आपल्या परिभाषेतून 'दुष्काळ' काढला आणि त्याजागी अपुऱ्या पावसाचं वर्ष असं म्हणायला सुरुवात केली. शब्दांचा खेळ म्हणून तेव्हा टीकाही झाली. पण पर्जन्यमापकाला फक्त पाऊस कमी झालेला दिसतो. पीक किती गेलं, विहिरी कधी आटल्या, धरणात काय उरलं, हे त्यात मोजलं जात नाही, आणि दुष्काळ जाहीर करायचं काम राज्य सरकारचं आहे.