ओटावाचा ट्रान्झिटवे आणि ओ-ट्रेन

कॅनडाची राजधानी ओटावा येथील बसमार्ग आणि लाइट रेल (शहरातली हलकी रेल्वे) यांचे जाळे. शहरातील शेवटची ट्राम 1959 मध्ये बंद झाली. पुढे जलद वाहतूक उभारायची वेळ आली तेव्हा शहराने रूळ न टाकता फक्त बससाठी स्वतंत्र रस्ता बांधायला घेतला. त्याला ट्रान्झिटवे म्हणतात. पहिला टप्पा 1983 मध्ये खुला झाला. पुढेमागे रूळ टाकता यावेत अशी त्याची आखणी होती.

बांधकाम बाहेरून आत आले. खरा खर्च शहराच्या मध्यभागी, भुयाराचा होता. तो पुढे ढकलल्याने आहे त्या पैशात उपनगरांकडचा लांब पल्ला बांधून झाला. वस्तीत फिरून प्रवासी घेतलेली बसच ट्रान्झिटवेवर चढे, त्यामुळे गाडी बदलावी लागत नसे. मध्यभागात मात्र सगळ्या बस ऑल्बर्ट आणि स्लेटर या दोन एकदिशा रस्त्यांवर येत आणि सिग्नलला रांगा लागत. टाळलेला खर्च असा रोजच्या खोळंब्यातून वसूल होत राहिला.

रेल्वेचा पहिला प्रयोग अगदी काटकसरीचा होता. 2001 मध्ये जुन्या मालगाडीच्या एकेरी रुळावर बेव्ह्यू ते ग्रीनबोरो अशी 8 किमीची, पाच स्थानकांची डिझेल ओ-ट्रेन सुरू झाली. वाटेत कार्लटन विद्यापीठ असल्याने तिला प्रवासी मिळाले. उत्तर-दक्षिण विद्युत मार्गाचा करार मात्र 2006 मध्ये निवडणुकीनंतर आलेल्या नव्या नगरपरिषदेने रद्द केला.

अखेर भुयार खोदावेच लागले. 2016 च्या जूनमध्ये कामाशेजारी रिडो स्ट्रीट खचला आणि तिथे उभी असलेली एक व्हॅन खड्ड्यात गेली. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. या भुयारातून जाणारी, 12.5 किमी लांबीची, 13 स्थानकांची कॉन्फेडरेशन लाइन ही लाइट रेल 14 सप्टेंबर 2019 रोजी सुरू झाली. तिचा बराचसा भाग ट्रान्झिटवेच्याच जागेवर आहे. पूर्वी थेट मध्यभागात जाणाऱ्या अनेक प्रवाशांना आता टनीज पाश्चर, हर्डमन किंवा ब्लेअर या स्थानकांवर बसमधून उतरून गाडी धरावी लागते. दारे अडकणे, चाके सपाट होणे हे रोजचे झाले आणि 2021 मध्ये गाडी दोनदा रुळांवरून घसरली. न्यायमूर्ती विल्यम हॉरिगन यांच्या चौकशी अहवालाने (2022) चाचणीचे निकष शिथिल केल्याचे नगरपरिषदेपासून लपवल्याचा ठपका ठेवला.

जुनी डिझेल लाइन विस्तारासाठी 2020 मध्ये बंद झाली. ती जानेवारी 2025 मध्ये दक्षिणेला लाइमबँकपर्यंत वाढून परतली, सोबत विमानतळाचा फाटाही आला. गाड्या अजूनही डिझेलवरच धावतात.