काळी द्राक्षं आणि बाळाचा रंग

"गरोदरपणात काळी द्राक्षं खाल्ली की बाळ काळं होतं." बायकोला पाचवा लागल्यापासून हा निरोप माझ्या फोनवर फिरतोय. तोही नाशकात, ऐन द्राक्षाच्या हंगामात!

सासूबाईंनी काळजीपोटी घड उचलून ठेवला, तेव्हा मी एक मणी सोलून दाखवला. आत हिरवट गर. काळेपणा असतो सालीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, आणि ते बाळाच्या त्वचेत जाऊन बसत नाही. त्वचेचा रंग ठरतो मेलॅनिनवर. ते बाळाच्याच पेशी बनवतात. किती बनवायचं याची जनुकं आई आणि बाप दोघांकडून, गर्भ राहतानाच आलेली असतात. (माझा सावळेपणा यात धरला जातो, हे मात्र निरोपात कुणी लिहीत नाही.)

पडताळायचं तर निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांची घरं बघा: हंगामात द्राक्षं तीच, भावंडांचे रंग वेगवेगळे.

जपायचं ते इतकंच, की द्राक्षं नीट धुवायची. 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यानच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली, तर किती खायची ते डॉक्टरांना विचारायचं. आमचा घड सध्या परत टेबलावर आलाय.