पॉइंटांवरचे परदेशी तिकीट खरोखर फुकट असते का?

‘क्रेडिट कार्ड वापरत राहा, परदेशाचे तिकीट फुकट मिळते’ हा समज बरीच वर्षे रूढ आहे. तो फार तर अर्धा खरा आहे. कार्डावरच्या खरेदीवर मिळणारे पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या तिच्या गुणांमध्ये, वळवून तिकीट काढले, तरी त्यातून सहसा फक्त मूळ भाडे भागते. विमानतळ शुल्क, सरकारी कर आणि अनेक कंपन्यांचा इंधन अधिभार खिशातूनच भरावा लागतो. लंडनहून परतताना ब्रिटनचा हवाई प्रवासी करही त्यात येतो.

समजा, 100 रुपयांमागे 2 पॉइंट मिळतात आणि 2 पॉइंटांचा 1 माइल होतो. मग 40,000 माइल्सच्या तिकिटासाठी 40 लाख रुपयांची खरेदी करावी लागेल, आणि घरभाडे किंवा पेट्रोल यांवर बऱ्याच कार्डांत पॉइंटच नसतात. (म्हणूनच जाणकारांचा डोळा स्वागत-बोनसवर, म्हणजे नवे कार्ड घेतल्यावर एकदम मिळणाऱ्या पॉइंटांवर, असतो.) खरी गफलत पुढे आहे: 1 लाखाचे बिल महिनाभर थकवले, तर दरमहा 3.5 टक्के दराने 3,500 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 4,130 रुपये जातात. त्या खरेदीचे माइल्स मात्र 1,000च. ‘किमान देय रक्कम’ भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही.