'पोचलात का?' काळजीचं वेगळं आणि पाळतीचं वेगळं

'कुठे आहात?' हा प्रश्न आमच्या घरात रोज पाच सहा वेळा तरी विचारला जातो, तुमच्याकडेही जात असेल. शब्द तेच, फोन तोच, विचारणारं माणूस तेच, पण एखाद्या दिवशी ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि एखाद्या दिवशी त्याच माणसाच्या कपाळावर आठी येते. असं का होतं यावर मी बरेच महिने डोकं लावतेय कारण आमच्या घरातल्या केसमध्ये आरोपी मीच होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आम्ही नाशिकचे, मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, राहतो सिडकोत. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला साडेबारा होतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांच्या लाइनवरच्या एकाचा रात्री घरी येताना अपघात झाला, वाचला बिचारा, पण फोन फुटलेला त्यामुळे घरच्यांना कळलं थेट पहाटे. ते ऐकलं आणि माझी झोपच उडाली. म्हटलं अहो, निघताना लाइव्ह लोकेशन टाकत जा. ते म्हणाले बरं. व्हॉट्सॲपवर ते 15 मिनिटं, 1 तास नाहीतर 8 तास असं टाकता येतं, हे 1 तासाचं टाकायचे. ठिपका आयटीआय सिग्नल, खुटवडनगर, त्रिमूर्ती चौक असा सरकत यायचा, खाली गेट वाजलं की मी फोन ठेवून भाजी गरम करायला उठायचे. ही काळजी, आणि आजही मला त्यात काहीही चूक वाटत नाही.

मग एकदा तो तास संपला आणि हे आलेच नाहीत, ओव्हरटाइम लागला होता. दुसऱ्या दिवसापासून मी म्हटलं 8 तासांचं टाका, संपलं की परत टाका.

इथे गाडी वळली, आणि वळली ते मला कळलं पण नाही. दुपारी ते गेले की मी भाकरी थापताना फोन मिक्सरला टेकवून ठेवायचे. माणूस कंपनीत आहे, मशीनवर उभा आहे, हे मला माहीत, तरी बघायचंच. त्यात पत्र्याच्या शेडखाली जीपीएसला सिग्नल धड मिळत नाही, ठिपका उगाच शंभर दोनशे मीटर उडी मारतो, ते पण तेव्हा कुठे डोक्यात यायला, मी लगेच 'मधे बाहेर गेला होतात का?' आणि मग एकदा दिसलं की शिफ्ट सुटल्यावर ठिपका आयटीआय सिग्नलच्या अलीकडे थांबतो, रोज, वीस वीस मिनिटं. मी चार दिवस काही बोलले नाही, नुसतं बघत राहिले. स्क्रीनशॉट काढले. स्वतःच्या नवऱ्याचे स्क्रीनशॉट, तारखेवार! आज लिहिताना पण लाज वाटते.

आता फरक कुठे आहे ते बघा, कारण वरवर दोन्ही सारखंच दिसतं आणि पाळत ठेवणारं माणूस शपथेवर सांगेल की मी काळजीच करतोय, आणि खोटं पण बोलत नसेल.

पहिली गोष्ट म्हणजे काळजीचा प्रश्न उत्तर मिळालं की मिटतो. 'पोचलात का?' 'पोचलो.' संपलं, माणूस कूस बदलून झोपतो. पाळतीच्या प्रश्नाला उत्तर म्हणजे फक्त पुढच्या प्रश्नाचं तिकीट. पोचलात, मग एवढा वेळ का, मागे आवाज कोणाचा, मग मघाशी फोन बिझी का लागला. यामागचं कारण काही गूढ नाहीये, चिंतेवर काम करणारे मानसतज्ज्ञ हेच सांगतात की शंका आली, तपासलं, जीवाला बरं वाटलं, ते बरं वाटणं जेमतेम थोडा वेळ टिकतं पण मेंदू एवढं पक्कं शिकतो की तपासलं की बरं वाटतं. मग पुढच्या वेळी शंका लवकर येते आणि जास्त जोरात येते. गॅस बंद केला की नाही ते चार चार वेळा बघून येणाऱ्या माणसासारखंच. म्हणजे मला वाटायचं मी लोकेशन बघून चिंता कमी करतेय आणि प्रत्यक्षात मी तिला खतपाणी घालत होते. ॲसिडिटी सुरू झाली, रात्री साडेबाराला हे शेजारी येऊन घोरायला लागले तरी मी दोन दोन वाजेपर्यंत जागी. तब्येतीची वाट लागली ती माझी, त्यांची नाही, हे कोणी सांगत नाही बघा.

दुसरं म्हणजे समोरच्याला नाही म्हणता येतं का. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काळजीत 'आज नाही टाकलं लोकेशन, बॅटरी नव्हती' एवढं पुरतं. पाळतीत त्याच वाक्यावर दोन दिवस अबोला. आमच्याकडे तोपर्यंत मिस्टर बॅटरी संपायला घाबरायला लागले होते, चार्जर डब्याच्या पिशवीत ठेवायचे, आणि मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे की बघ किती मनावर घेतात.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरला छाटणी झाली आणि मधेच अवकाळी आला की वडील रात्री बॅटरी घेऊन बागेत, डावण्या रोगाची भीती. पानं उलटून बघायची, फवारणी करायची, घरी येऊन झोपायचं. बाग धरणाऱ्याइतकं काळजीचं कोणाला कळतं हो. पण तेच वडील घड तयार व्हायला लागले की आम्हा पोरांना मण्यांना हात लावू द्यायचे नाहीत, कारण मण्यावर जी पांढरट झिलई असते ती बोट लागलं की जाते आणि परत येत नाही. काढायचा तर घड देठाला धरायचा. हे मी लहानपणापासून ऐकलेलं, आणि नेमकं घरी नवऱ्याच्या बाबतीत रोज बोटं लावत होते.

वडिलांचाच दुसरा एक डायलॉग पण आठवतो. एकदा एक व्यापारी माल उचलून पैसे न देता गायब झाला तेव्हा ते म्हणाले होते, 'विश्वास? तो तर पानिपतावर गेला.' हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, विश्वासराव 14 जानेवारी 1761 ला पानिपतात पडले तेव्हापासून मराठी माणूस हा विनोद मारतोय. गंमत म्हणजे पुढच्या हंगामात वडिलांनी माल परत व्यापाऱ्यालाच दिला, फक्त दुसऱ्या, आणि थोडा ॲडव्हान्स घेऊन. दुसरं करणार काय, पिकलेली द्राक्षं घरात ठेवून खात्री करत बसता येत नाही. सगळं माहीत असतं तिथे विश्वास लागतच नाही, तो लागतो जे दिसत नाही तेवढ्यापुरता. लोकेशन चोवीस तास चालू ठेवून 'माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे' म्हणणं म्हणजे उपास आहे म्हणून मिसळ खाणं.

यावर लहान मुलांचा एक फार प्रसिद्ध प्रयोग आहे, मेरी एन्सवर्थ नावाच्या बाईंनी 1970 च्या सुमारास केलेला. वर्ष दीड वर्षाचं मूल आणि आई एका खोलीत, आई काही मिनिटं बाहेर जाते, परत येते. एन्सवर्थनी खास लक्ष ठेवलं ते आई परत आल्यावर मूल काय करतं यावर. आईची खात्री असलेलं मूल ती गेल्यावर रडतंही, पण ती आली की बिलगतं, शांत होतं आणि खेळायला निघून जातं. खात्री नसलेल्यांपैकी काही पोरं आई आल्यावरही शांत होत नाहीत, बिलगतात पण आणि ढकलतात पण. मी हे वाचलं आणि म्हटलं अरे ही तर मीच, साडेबाराला दार उघडणारी. माणूस समोर आलाय तरी माझं चालूच.

आता कोणी म्हणेल मग विचारायचंच नाही का. असं कुठे म्हटलं मी. आठ वर्षांच्या पोराचं सगळं आपणच बघायचं असतं, त्यात पाळत वगैरे काही नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीचं कॉलेज रोडचं लोकेशन तिला न सांगता बघणं हे वेगळं. आणि 2027 ला सिंहस्थ आहे, सासूबाई गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाणारच, त्या गर्दीत मी त्यांच्या फोनवर लोकेशन चालू करून देणार म्हणजे देणारच. फक्त त्यांना सांगून, आणि त्या घरी आल्या की बंद. गुपचूप आणि कायमचं, हे दोन शब्द आले की समजा मामला काळजीचा राहिलेला नाही.

हे मी माझ्यावर हसत लिहितेय कारण आमच्याकडे गोष्ट वेळेत थांबली, पण सगळीकडे थांबत नाही. पासवर्ड मागणं, पगार कुठे खर्च केला त्याचा हिशोब, माहेरी बोलायचं तर स्पीकरवर, या गोष्टी 'प्रेम आहे म्हणून' खपवल्या जातात. कोणी तुमचं व्हॉट्सॲप दुसरीकडे उघडून वाचतंय असं वाटलं तर सेटिंगमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा, अनोळखी काही दिसलं तर तिथूनच लॉग आउट करता येतं. पुरुषाने एखाद्या बाईच्या इंटरनेट, ईमेल वापरावर असं लक्ष ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा आहे, आणि घरातला मानसिक, आर्थिक छळ 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात येतो. बायकांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. आणि माझ्यासारखं तपासणं थांबतच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तर ते स्क्रीनशॉट. पाचव्या दिवशी मी ते त्यांच्यासमोर धरले. मला वाटलं चिडतील. ते बराच वेळ फोनकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'अगं तिथे एक कट्टा आहे. मी नुसता बसतो. आठ तास मशीनचा आवाज डोक्यात असतो, तो घेऊन घरी यायला नको वाटतं.' चहा पण नाही, मित्र पण नाहीत, नुसतं बसणं. मला सांगितलं का नाही विचारलं तर म्हणे, 'सांगितलं असतं तर तिथेपण फोन आला असता.' यावर मी काय बोलणार.

लोकेशन त्या दिवसापासून बंद. आता शिफ्ट सुटली की ते मिस कॉल देतात, जुन्या काळासारखा, एक रिंग आणि कट. मी त्यात गाडीची वीस मिनिटं आणि कट्ट्याची वीस मिनिटं धरते, त्याच्या आत फोन करायचा नाही असं ठरवलंय. परवा पन्नास झाली. केला फोन, म्हटलं पोचलात का?

'अगं जिन्यात आहे, दार उघड.'