असिस्ट मोडने खेळाचा कस जातो का?
जळगाव-धुळ्याकडच्या गेमिंग ग्रुपांवर एक समज वर्षानुवर्षे फिरतो, की उड्यांच्या अवघड गेममध्ये मदतीचे पर्याय दिले तर सगळ्यांसाठीच खेळाचा कस जातो. असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या अशाच गेममध्ये असिस्ट मोड (मदतीच्या पर्यायांचा संच) मुळात बंद असतो, तो स्वतः सुरू केला तरच खेळाचा वेग ५० टक्क्यांपर्यंत उतरवता येतो, आणि बोटे आखडणाऱ्या एखाद्याने तसे केल्यास शेजारच्याच्या खेळात तसूभरही फरक पडत नाही. शिवाय, आणि हे सहसा कोणी सांगत नाही, नेहमीच्या खेळातही सवलत दडलेली असतेच: पात्राला कड्याबाहेर पळू द्यावे, पाय सुटल्यावर किंचित उशिरा उडीचे बटण दाबावे, तरीही ते हवेतूनच उडी घेते.